तोंडी ऐकू येत नाही, वाचता येतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी सरकार सांगेल तो मजकूर काढावा की काढू नये, यावर आपल्या अंकात दोन आठवडे वाचकांची पत्रं येत आहेत. कणकवलीचे एक वाचक लिहितात, इथे धंदा करायचा तर इथलं ऐका, नाहीतर गाशा गुंडाळा. चिपळूणच्या एका बाई लिहितात, सरकारचं ऐकायचं म्हटलं की संपलंच, कंपन्यांनी साफ नाही म्हणावं. मी दोघांची पत्रं दोनदा वाचली. दोघंही थोडी थोडी बरोबर आहेत असं वाटलं आणि दोघांचाही राग आला. याला कारण माझी नोकरी. मी चाळीस वर्षं टपाल खात्यात काढली. १९७८ साली क्लार्क म्हणून लागलो आणि २०१८ साली सब पोस्टमास्तर म्हणून घरी आलो. दुसऱ्याचा मजकूर तिसऱ्याकडे पोचवणं हाच आमचा धंदा होता, आणि तो अडवून ठेवा असं सांगणारी माणसं त्या काळातही होती.

एक प्रसंग सांगतो. साल १९८४, कोकणातलंच एक सब ऑफिस. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. आमचे पोस्टमास्तर रिटायरमेंटला आलेले, तपकीर ओढणारे, कमी बोलणारे. गावात एक गुरुजी होते. त्यांना मुंबईच्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची खोड होती, कधी रस्त्याच्या कामावर, कधी रॉकेलच्या वाटपावर. एका दुपारी हवालदार आले. बॅग बंद करायची वेळ, मी लाख वितळवत होतो. हवालदार काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजींची मुंबईची टपालं दोनचार दिवस बाजूला ठेवा. साहेबांनी सांगितलंय."

पोस्टमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "हुकूम आणलाय?"

"तोंडी सांगितलंय साहेबांनी."

"मग साहेबांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, पोस्टमास्तरांना हल्ली तोंडी ऐकू येत नाही. वाचता मात्र अजून येतं."

हवालदार चहा पिऊन गेले. गुरुजींचं पाकीट बॅगेत गेलं, मी लाखेवर शिक्का मारला आणि चारच्या यष्टीला बॅग चढवली. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. रात्री पोस्टमास्तरांना विचारलं, उद्या खरंच कागद आला तर? ते म्हणाले, आला तर पाकीट द्यायचं. पावती घ्यायची, वहीत नोंद करायची. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याचं सव्विसावं कलम त्यांनी मला तेव्हा उघडून दाखवलं. सरकारला टपाल अडवायचा अधिकार होता, पण लेखी हुकमानेच.

तो कागद कधीच आला नाही. काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगायला कुणाचं काही जात नाही. तेच कागदावर लिहून खाली सही करायची म्हटलं की साहेब स्वतःलाच विचारतो, हे कशाला? निम्मी मागणी तिथेच मरते.

पुढे मी स्वतः पोस्टमास्तर असताना एकदा मात्र रीतसर कागद आला. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं. मी दोन पाकिटं काढून दिली. ज्याची पाकिटं होती तो माणूस रोज माझ्या समोरून जायचा. मला ते आवडलं नव्हतं, पण दिली. म्हणून चिपळूणच्या बाईंना सांगतो, साफ नाही म्हणणं पत्रात लिहायला सोपं आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो.

माझा भाचा मच्छीमार आहे. लहान बोट, जाळी गिलनेटची, सोबत दोन खलाशी. आमच्या किनाऱ्यावर एलईडीचा दिवा लावून मासे ओढणाऱ्या बोटींचा त्रास तुमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी कागदावर आहे आणि दिवे पाण्यावर आहेत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमाराला भाच्याने आपल्या बोटीतून मोबाइलवर चित्रण केलं. चार मिनिटांचा व्हिडिओ. आधी काळोख, इंजिनाची धडधड, मग क्षितिजावर एक पांढरी रांग. शिवरात्रीला डोंगरावरून कुणकेश्वराची जत्रा दिसते ना, तशी. जवळ गेल्यावर एका बोटीचा जनरेटर ऐकू येतो, पाण्याखाली हिरवट उजेड दिसतो आणि बोटीवर रंगवलेला नोंदणी नंबर अर्धा वाचता येतो. भाचा मागून बोलतोय, "दिवाळी आठ दिसांवर आसा, हंय आजच सुरू झाली." शिवी नाही, कुणाचं नाव नाही, कुठल्या पक्षाचा उल्लेख नाही. मी त्याचा मामा आहे म्हणून म्हणत नाही, इतका सभ्य व्हिडिओ आमच्या बंदरात दुसरा निघणार नाही.

चार दिवसांत तो बराच फिरला. पाचव्या दिवशी सकाळी भाचा माझ्या पडवीत येऊन उभा.

"मामा, व्हिडिओ गेलो."

"खय गेलो?"

"म्हायत नाय. हंय दिसना नाय."

मी चष्मा लावून पाहिलं. व्हिडिओच्या जागी एक राखाडी चौकट आणि त्यात एक ओळ: कायदेशीर विनंतीमुळे हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही. विनंती कुणाची, कुठल्या कायद्याखाली, कुठल्या तारखेची, यातलं काही नाही. संध्याकाळी शेजाऱ्याच्या मुलाचा मस्कतहून फोन आला. तो म्हणतो, "काका, मिया आताच बघलंय, मस्त दिसता." म्हणजे देवगडच्या समुद्रात काढलेला व्हिडिओ मस्कतमध्ये दिसतो आणि देवगडात दिसत नाही! आमच्या खात्यात चुकीच्या गावाला गेलेली टपालं मी पुष्कळ पाहिली, पण अशी नाही.

मी रिकामाच माणूस. मागे लागलो. भाच्याने कंपनीच्या त्या खिडकीत 'पुन्हा तपासा'चं बटण दाबलं. दोन मिनिटांत उत्तर आलं की तपासलं आहे. दोन मिनिटांत! चार मिनिटांचा व्हिडिओ त्यांनी दोन मिनिटांत पाहिला. मग मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला साधं मराठीत पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. (रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. चाळीस वर्षं रजिस्टरच्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्याला काय वाटलं असेल, तो विषय वेगळा.) पत्र पोचल्याचं ऑनलाइन दिसलं, उत्तर नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज, त्याला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. तिसाव्या दिवसाच्या आत उत्तर आलं, एवढ्यापुरतं त्या कार्यालयाचं कौतुक. उत्तर एका ओळीचं: मागितलेली माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

म्हणजे अशी मागणी झाली होती की नव्हती, हेसुद्धा मला आजपर्यंत ठाऊक नाही. सरकारच्या एखाद्या खात्याने सांगितलं? त्या बोटीच्या मालकाने काही खटपट केली? की कंपनीच्या मशिननेच कुठल्या तरी शब्दावरून उडवला? भाच्याचे मित्र छातीठोकपणे सांगतात की अमक्याने केलं. मी त्यांना गप्प करतो, कारण पुरावा नाही. पण पुरावा नसला की माणसं नाव बनवतात, आणि ज्याचं नाव बनतं तो कदाचित निरपराध असतो.

पोस्टमनला एखादं पत्र देता आलं नाही तर तो ते फेकून देत नाही. पाकिटावर शेरा मारतो. नॉट नोन, लेफ्ट, रिफ्यूज्ड, अनक्लेम्ड. खाली तारीख आणि त्याची सही. पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसला तर रिटर्न लेटर ऑफिसात जातं, तिथे उघडून आत पत्ता मिळतो का ते पाहतात. शेरा न मारता टपाल गायब करणारा पोस्टमन सस्पेंड होतो. एवढी शिस्त आम्ही पंधरा पैशांच्या कार्डासाठी पाळली.

आमच्या घरी ट्रंकेत एक पाकीट आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते. रत्नागिरी जिल्ह्यातली किती तरी मुलं तेव्हा होती, आणि देवगड तेव्हा रत्नागिरीतच होतं. त्यांनी १९४३ साली जहाजावरून आईला पत्र लिहिलं. पाकिटावर सेन्सॉरने पास केल्याचा शिक्का आहे. आत कागदावर दोन ओळी काळ्या शाईने अशा खोडल्यात की उजेडात धरूनही वाचता येत नाहीत. बहुधा जहाज कुठे आहे ते लिहिलं असेल. लढाई चालू होती, खोडणं योग्यच होतं. पण खोडणाऱ्याने शिक्का मारला. माझ्या पणजीला वाचता येत नव्हतं, तिला दुसऱ्याने वाचून दाखवलं आणि त्यानेही सांगितलं, इथे दोन ओळी सरकारने काढल्यात. काय काढलं ते तिला कधी कळलं नाही. काढलं, एवढं कळलं. परक्या राजाने, लढाईत, एका निरक्षर बाईला एवढं कळू दिलं.

टिळकांचं नाव घेतलं की संपादक पत्र छापतात असा आमच्या भागात समज आहे. म्हणून घेत नव्हतो. पण रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचा मान ठेवून एक वाक्य. १९०८ साली केसरीतल्या लेखांबद्दल सरकारने त्यांना पकडलं तेव्हा कुठला लेख, कुठलं कलम, हे सगळं उघड्या कोर्टात वाचलं गेलं, समोर नऊ जणांची ज्यूरी होती आणि टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले. निकाल अन्यायाचाच लागला, सहा वर्षं मंडाले. पण कुणी काय केलं हे आजही पानावर आहे.

आता कणकवलीच्या वाचकांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं हलकं नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्यासमोरून गेलं. त्या दुपारी एक व्हिडिओ फिरत होता, 'देवगड बंदर उद्ध्वस्त' म्हणून. भलत्याच देशातला, धक्क्याची बांधणी पाहूनच इथल्या माणसाला कळेल. पण लालबागला असलेल्या माझ्या पुतणीला कसं कळणार? ती रडत रडत फोन लावत होती आणि इथे टॉवर बंद. सहा तास त्या पोरीने काय काढले असतील. तो व्हिडिओ कुणी दहा मिनिटांत काढला असता तर मी त्याचे पाय धरले असते. आणि ही तर किरकोळ गोष्ट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, मोबाइलवरच्या अफवेवरून. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिथेही चोरांची अफवाच. पत्र एका घरात जातं, व्हिडिओ तासाभरात जिल्ह्यात. तेव्हा सरकारने काहीच सांगू नये, कंपनीने काहीच ऐकू नये, हे मला पटत नाही.

शिवाय कंपनी म्हणजे काही पोस्टमन नव्हे. पोस्टमन पत्रं उघडून त्यातलं जास्त चटकदार पत्र आधी वाटत नाही. या कंपन्या नेमकं तेच करतात, आणि मध्येमध्ये जाहिरातीचं पत्रक घुसवून पैसे घेतात. म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा त्यांच्या खांद्यावर दिला की मला हसू येतं. एक्स कंपनी, म्हणजे आधीचं ट्विटर, बेंगळुरूच्या कोर्टात आपल्या सरकारशी भांडली हे खरं. पण मे २०२३ मध्ये तुर्कस्तानात मतदानाच्या तोंडावर काही मजकूर याच कंपनीने अडवला. ब्राझीलमध्ये कोर्टाशी ताणून धरलं, ३० ऑगस्ट २०२४ ला तिथे दुकान बंद झालं, आणि दंड भरून, कोर्टाचं ऐकून ८ ऑक्टोबरला परत उघडलं. जिथे परवडतं तिथे तत्त्व, जिथे परवडत नाही तिथे तडजोड. व्यापारी आहेत, मी दोष देत नाही. पण माझ्या भाच्याची बाजू ते मांडतील या भरवशावर बसू नये, एवढंच.

पोस्टाच्या नियमांचे व्हॉल्यूम पाठ करण्यात उमेद गेली, त्यामुळे नियम वाचायची खोड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ वाचलं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे मोजक्या कारणांसाठी सरकार मजकूर अडवू शकतं, कारण लेखी नोंदवून. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ हे कलम रद्द केलं. तेच, ज्याखाली २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं, कारण त्यात लेखी कारण आहे, म्हणणं मांडायची सोय आहे. ऐकायला छान. मग २००९ चे नियम उघडले. नोटीस कुणाला द्यायची? मजकूर ज्याचा त्याला 'किंवा' कंपनीला. या 'किंवा'मध्ये माझ्या भाच्यासारखी माणसं बुडतात. कंपनीला नोटीस दिली की नियम पाळला गेला. आणि सोळावा नियम म्हणतो, सगळं कडक गोपनीय. तातडीची वेळ असली तर आधी अडवायचं, मग ४८ तासांत समितीसमोर ठेवायचं, तेही कबूल. पण समितीसमोर भाचा उभा राहणार कसा, त्याला कळलंच नाही तर?

दुसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ७९ चा. सरकारी अधिकाऱ्याने कळवलं आणि कंपनीने मजकूर काढला नाही, तर त्या मजकुराची जबाबदारी कंपनीच्या अंगावर येऊ शकते. यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून गृह मंत्रालयाचं 'सहयोग' पोर्टल आहे. एक्सने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्याआधी ३० जून २०२३ ला याच न्यायालयाने ट्विटरची दुसरी याचिका फेटाळताना ५० लाख रुपये दंडही केला होता. आता सांगा, पुढची कंपनी एखाद्या गाबताच्या चार मिनिटांच्या व्हिडिओसाठी कोर्टाची पायरी चढेल?

गंमत अशी की निकालाला महिना व्हायच्या आत सरकारनेच नियम बदलला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून असा निरोप सहसचिव दर्जाच्या, तो पदावर नसेल तर संचालक दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यायचा, पोलिसांत उपमहानिरीक्षकाने. कलम, कारण आणि नेमकी लिंक लिहायची. दर महिन्याला सचिवाने तपासायचं. माझ्या पोस्टमास्तरांनी १९८४ साली जे मागितलं ते हेच की! मी हा बदल वाचून खूश झालो. मग फेब्रुवारी २०२६ मध्ये पुढचा बदल आला. कंपनीला मजकूर काढायला आधी ३६ तास होते, आता तीन. तीन तासांत आमची देवगडची यष्टी कोल्हापूरला पोचत नाही. तीन तासांत कागद वाचणार कोण, कायद्यात बसतो का ते बघणार कोण, देवगडचा हा माणूस खरं बोलतोय का ते विचारणार कोण? ज्याला वाचायला वेळ नाही तो सगळंच काढून टाकतो. आमच्याकडे दिवाळीत टपालाचा ढीग पडला की नवा पोरगा असाच सगळ्यावर 'नॉट नोन' मारायचा.

लढाईची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना भारतात आठ हजारांवर खाती बंद करण्याचे आदेश आल्याचं एक्सने स्वतः जाहीर केलं. पुष्कळ खात्यांच्या बाबतीत नेमकी कुठली पोस्ट कायद्यात बसत नाही हे सांगितलं नव्हतं, असंही कंपनीचं म्हणणं होतं. तरी तिने खाती बंद केली. मला ते समजतं. त्या आठवड्यात कंपनीच्या जागी मी असतो तर मीही केली असती. पण लढाई संपल्यावर त्या आठ हजारांतल्या कुणाला तरी शेरा मारलेलं पाकीट परत मिळायला हवं की नको? माझ्या पणजीला लढाई चालू असतानाच मिळालं होतं.

तर माझं म्हणणं इतकंच. ऐकायचं की नाही, हा वाद मला अर्धवट वाटतो. रीतसर कागद आला तर ऐकावं. मनाविरुद्ध असलं तरी ऐकावं, आणि अगदीच बेकायदा वाटलं तर कोर्टात जावं, पैसा त्यांच्याकडे आहे. पण फोनवरून, 'जरा बघा ना' म्हणून, कुणीतरी ओळखीचा सांगतोय म्हणून एक अक्षर काढू नये. आणि काढलं की ज्याचं आहे त्याला त्याच दिवशी कळवावं: कुठल्या खात्याने, कुठल्या कलमाखाली, कुठल्या तारखेला, आणि दाद कुठे मागायची. राखाडी चौकटीतली एक ओळ याला शेरा म्हणत नाहीत. सरकार गोपनीय म्हणत असेल तर कंपनीने निदान तेवढं तरी लिहावं, की सांगायला आम्हांला मनाई आहे. त्या काळ्या शाईसारखं. सोळावा नियम यात आडवा येतो हे मला ठाऊक आहे, आणि तो नियम बदला म्हणून आमच्या खासदारांना मी पत्र टाकलं आहे, पोचपावतीसह.

यात सरकारचाही फायदा आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. आज आमच्या बंदरात व्हिडिओ गेला म्हणजे सरकारनेच काढला, अशी सगळ्यांची खात्री आहे. समजा तो मशिनने काढला असेल, तर सरकार फुकट बदनाम होतंय. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या माळावर रिफायनरीसाठी माती परीक्षण चालू होतं, तेव्हा इथे देवगडात बसून आम्हांला तिथलं जे कळत होतं ते मोबाइलवरून. त्यातही कुणाचा व्हिडिओ दिसेनासा झाला की दहा तर्क. टॉवर गेला, की डेटा संपला, की वरून काढला? दर्पण सुरू करणारे बाळशास्त्री आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ साली छापलेलं त्यांचं पान आजही बघता येतं. भाच्याचा ऑक्टोबरातला व्हिडिओ बघता येत नाही.

नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर सहीसह जोडला आहे. हे पत्र मी नावानिशी छापा असं लिहून तयार ठेवलं होतं. काल संध्याकाळी बहीण आली, भाच्याची आई. म्हणाली, "दादा, तुझा नाव इला की पोराचा कळतला. बोटीचा लायसन रिन्यू करूचा आसा." मी तिला म्हटलं, यात लायसनचा काय संबंध? ती काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत पायरीवर बसून राहिली, उठेचना. आमच्या खात्यात निनावी अर्ज आला की मी न वाचता बाजूला टाकायचो. सही करायची हिंमत नसेल तर लिहू नये, असं ज्युनिअरना सांगायचो.

तेव्हा नाव छापू नका. हुद्दा टाका.

आपला,
एक निवृत्त सब पोस्टमास्तर
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

ता.क. शेजाऱ्याचा मुलगा परवा मस्कतहून सुट्टीवर आला. ज्या फोनवर तिकडे व्हिडिओ दिसायचा तोच फोन घेऊन माझ्या पडवीत बसला होता. इथे राखाडी चौकट येते.